अमोघची ओटी

इकडेतिकडे काय शोधताय? वर बघा. छताच्या हुकाला दोन दोरांनी आडवा टांगलेला, निळ्या रेक्झिनचं जाकीट घातलेला हा जाडजूड गृहस्थ दिसतोय ना, तो मीच बोलतोय. मी एक लोड. झोका नव्हे, घोडा नव्हे, मुष्टियुद्धाची पिशवी तर नव्हेच नव्हे. चांगला खानदानी लोड. ज्याला टेकून माणसं पान चघळतात, पंचांग बघतात आणि सुनेच्या आमटीला नावं ठेवतात, तो.

आता मला कुणी टेकत नाही. दिवसाकाठी दहा-अकरा मुलं माझ्यावर मांड ठोकतात, पालथी पडतात, लोंबकळतात. एक-दोन चावतातही. त्यांतली निम्मी शेंबडी. सुरुवातीला मला याचा फार अपमान वाटायचा. आता एखादं मूल आलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं. हे कसं झालं ते सांगतो.

माझा जन्म २००१ सालचा, चेन्नईतल्या अंबत्तूरचा. माझे मालक राणोजीराव आवडीच्या रणगाड्यांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं तपासनीस होते. आवडी हे गावाचं नाव. तिथे ते छत्तीस वर्षं आवडीने गेले की नावडीने, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. साठी आणि निवृत्ती एकाच महिन्यात आली, तेव्हा त्यांच्या पत्नी महालक्ष्मीबाईंनी विचारलं, "काय पाहिजे तुम्हाला?" राणोजीराव म्हणाले, "लोड. जन्मभर उभा राहिलो, आता टेकतो." साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण माझ्या मते त्या माणसाने आयुष्यात घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

गादीवाला व्हरांड्यात येऊन बसला. त्याने जुना कापूस मिसळू नये म्हणून महालक्ष्मीबाई समोर पाट मांडून बसल्या. नऊ किलो सावरीचा कापूस माझ्या पोटात गेला. वर पांढरा शुभ्र अभ्रा. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता राणोजीराव ब्याऐंशी किलो वजनानिशी माझ्यावर रेलले आणि "हां" म्हणाले. त्या एका "हां"वर मी चार वर्षं काढली.

हे घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. यांचे पूर्वज तलवारी घेऊन दक्षिणेत उतरले. तलवारी गेल्या, भाषा राहिली, तिच्यावर सांबार तेवढं ओतलं गेलं. सून विद्युलता सांगलीची. सासू आणि सून दोघीही मराठीच बोलायच्या, तरी पहिलं वर्षभर दोघींचा संसार खाणाखुणांवर चालला होता. मुलगा मानाजी श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात पाळीवर जायचा. कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न वाजवायची आणि तो तोंडात इडली धरून पळायचा. मला तो पाठमोराच जास्त आठवतो.

आणि अमोघ. मानाजी-विद्युलताचा एकुलता एक. माझ्याहून वर्षाने मोठा.

हे पोरगं चालत नसे, धावतच असे. आणि दाराजवळ येऊन थांबत नसे, भिंतीवर आपटून थांबत असे. शर्टाच्या मानेला लेबल राहिलं तर घर डोक्यावर घ्यायचं. विद्युलता नवीन कपडे आणले की आधी कात्री शोधायची. सांबार-भाताचं एक शीत हाताला चिकटलं तर ओकारी काढायचं. केस कापायचे म्हणजे दोन माणसं धरायला आणि एक कापायला. पेन्सिल दिली तर कागद फाटून खालच्या पाटावर अक्षर उमटायचं. "वांड आहे," शेजारी म्हणायचे. "आईने लाडावलंय," बाकीचे म्हणायचे. दुपारी पोळ्या लाटताना विद्युलताचं लाटणं जरा जोरात वाजायचं.

एका दुपारी राणोजीराव पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. अमोघ सुसाट आला, माझ्यावर धडकला आणि माझ्या अन् भिंतीच्या मधल्या फटीत शिरला. मग दोन्ही हातांनी मला ओढून त्याने अंगावर घेतलं. शिवणयंत्रासारखं धडधडणारं त्याचं काळीज मला अभ्र्यातून लागत होतं. माझे नऊ किलो त्याच्या छातीवर पडले आणि ते हळूहळू शांत झालं. पोराने डोळे मिटले. पाच वर्षांत त्या घरात कुणी त्याला इतकं निवांत पाहिलं नव्हतं. याला काय हवंय ते सगळ्यांच्या आधी मला कळलं. पण लोडाला कोण विचारतो?

तेवढ्यात राणोजीराव परतले. "ए! काय करूलालास रे? माझा लोड तो!" असं ओरडून त्यांनी मला खेचलं. अमोघने अशी किंकाळी फोडली की खालचा इस्त्रीवाला इस्त्री हातात घेऊनच वर आला. राणोजीराव वरमले. नातवाला गोंजारायला म्हणून त्यांनी त्याच्या गालावरून हलकेच बोटं फिरवली. किंकाळी दुप्पट झाली. मूल उठून स्वयंपाकघरात पळालं.

त्या संध्याकाळी राणोजीराव मला टेकले, पण "हां" म्हणाले नाहीत. "नातू मला शिवू देत नाही," असं पुटपुटले आणि माझ्या अभ्र्याला तोंड पुसलं. घाम आला होता, असं त्यांनी महालक्ष्मीबाईंना सांगितलं.

मग सप्टेंबरमध्ये शाळेची डायरी आली. लाल शाईने चार ओळी होत्या. अमोघला ओ.टी.ची गरज आहे. शेजारी एक पत्ता. मार्चमध्ये मोठ्या बाई स्वतः तपासतील. वीस मिनिटं बाकावर बसला आणि स्वतःचं नाव लिहिलं तर पहिलीत जागा, नाहीतर पालकांनी दुसरी सोय पाहावी.

इतिहासात ध चा मा एकदा झाला, त्याची आपण अजून चर्चा करतो. आमच्या घरात त्या संध्याकाळी दोन अक्षरांचे तीन अनर्थ झाले.

विद्युलता मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर उभं राहिलं. "एवढ्याशा लेकराचं डोकं उघडणार हो!" म्हणत तिने सांगलीला फोन लावला. तिथून रडण्याला साथ मिळाली.

राणोजीरावांना मात्र आनंद झाला. "ओ.टी. म्हणजे ओव्हरटाइम. याला दोन तास जास्त बसवायचं म्हणूलालेत. चांगलं आहे. मी तीस वर्षं ओ.टी. केली, मला काय झालं?"

"वीस मिनिटं बसत नाही तो, मामंजी. दोन तास कसा बसेल?" विद्युलता नाक ओढत म्हणाली.

महालक्ष्मीबाई तोपर्यंत कपाट उघडून उभ्या होत्या. त्यांनी फक्त 'ओटी' एवढंच ऐकलं होतं. "अय्यो, पोराची ओटी कशी भरायची? ओटी बाईची भरतात. कुणाची तरी राहिली असणार. ही त्या पत्त्यावरची बाई असेल. तिचा मान राहिला म्हणून पोराला त्रास होऊलालाय." आणि त्यांनी राहिलेल्या मानाचं व्याज धरून चांगले दोन किलो तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी काढून ठेवली. सोबत विद्युलताच्या आईने सांगलीहून पाठवलेला हिरवा खण.

अशा रीतीने एक सून देवाचं नाव घेत आणि एक सासू ओटीचं ताट घेत, अमोघला मध्ये धरून अण्णानगरला गेल्या. मी तेव्हा घरीच होतो. पण माणसं लोडाला टेकून सगळं बोलतात, त्यामुळे मला बारीकसारीक ठाऊक आहे.

पत्त्यावर एका घराच्या पहिल्या मजल्यावरची खोली होती. जमिनीवर गाद्या, मोठाले चेंडू, कपडे वाळवायच्या चिमट्यांची टोपली. हरिप्रिया नावाची सव्वीस वर्षांची मुलगी हसत पुढे आली. सुरी नाही, मास्क नाही. विद्युलताला जरा धीर आला. तेवढ्यात महालक्ष्मीबाईंनी हरिप्रियाच्या कपाळाला कुंकू टेकवलं आणि पदर पसरायला सांगितलं. तिने बिचारीने, आपल्याकडचं तांबूलम्, म्हणजे पानसुपारीचं वाण असेल असं समजून, ओढणी पसरली. नारळ पडला, तांदूळ पडले, खण पडला. मग बाईंची नजर तिच्या गळ्याकडे गेली.

"लग्न?"

"इल्ला, पाट्टी." म्हणजे, नाही, आजी.

महालक्ष्मीबाईंची पंचाईत झाली. कुमारिकेची ओटी भरली होती, आणि भरलेली ओटी परत कशी मागणार? त्यांनी क्षणभर विचार केला. "हे ठेव जपून. तुझं लग्न झालं की लागू होईल," असं सांगून त्यांनी प्रकरण मिटवलं. हरिप्रियाने सगळं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. ती फळी लक्षात ठेवा.

मग हरिप्रियाने अर्धा तास अमोघकडे नुसतं पाहिलं. तो चेंडूवर आदळला, भिंतीवर आदळला, गाद्यांच्या ढिगात घुसला. मग ती विद्युलताला समजावू लागली. बोलत होती तमिळ आणि इंग्रजीत. मी माझ्या मराठीत सांगतो.

"ओ.टी. म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. मुलाचा व्यवसाय काय? खेळणं, जेवणं, कपडे घालणं, लिहिणं. ते त्याला जमावं म्हणून ही थेरपी. तुमच्या अमोघच्या अंगातला रेडिओ बिघडलेला नाही, त्याचे आवाज खालीवर झालेत. लेबल टोचलं तर ते त्याला लाउडस्पीकरवर ऐकू येतं. आणि आपले हातपाय कुठे आहेत, ही बातमी मात्र इतक्या हळू आवाजात येते की ती ऐकायला त्याला भिंतीवर आपटावं लागतं. तो वांड नाही, अम्मा. तो बातमी शोधतोय."

विद्युलता तिथेच रडली. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या मुलाबद्दल बोलताना तिला दोष दिला नव्हता.

"घरी तो शांत कधी असतो?" हरिप्रियाने वही उघडली.

विद्युलताने आपलं इंग्रजी गोळा केलं. "मॅडम, ॲट होम ही ऑलवेज गोज अंडर लोड."

हरिप्रियाचे डोळे चमकले. "लोड? व्हेरी गुड! कोण देतं लोड?"

"ग्रँडफादर्स लोड."

"किती किलो?"

"नऊ."

"आजोबा देतात?"

"नो, नो. ही इज टेकिंग. ग्रँडफादर इज गेटिंग अँग्री."

वहीत काय लिहिलं गेलं देव जाणे. आजोबा नातवाच्या डोक्यावर नऊ किलोंचं ओझं देतात आणि वर रागावतात, असा काहीतरी अर्थ झाला असावा, कारण हरिप्रिया जरा गंभीर झाली. शेवटी विद्युलताने दोन्ही हातांनी हवेत माझा आकार काढून दाखवला, जमिनीवर आडवी होऊन मला टेकायचा अभिनय केला, तेव्हा उलगडा झाला. हरिप्रिया हसून हसून गादीवर बसली. "पण बरोबरच आहे की! त्याला लोडच हवाय. घट्ट दाब लागला की त्याच्या शरीराला कळतं, मी इथे आहे. हलका हात मात्र त्याला गुदगुल्यांच्या टोळधाडीसारखा वाटतो. तो लोड घेऊन या."

म्हणजे बघा, मराठीतला लोड आणि इंग्रजीतला लोड शेवटी एकच निघाला. मला हे आधीपासून ठाऊक होतं.

घरी गहजब झाला. "माझा लोड? नेणार? आणि मी?" राणोजीरावांनी मला मिठीच मारली.

"तुम्ही भिंतीला टेका," महालक्ष्मीबाई म्हणाल्या. "भिंत पण तुमचीच आहे."

तह ठरला: फक्त मंगळवार आणि शुक्रवार, आणि चारच्या आत परत. तह ते तहच. महिन्याभरात तो मोडला आणि मी कायमचा अण्णानगरला राहायला गेलो.

जाताना शेअर ऑटोत मी दोन माणसांची जागा अडवली. एक आजी माझ्याकडे रोखून बघत राहिल्या. तिथे पोचल्यावर हरिप्रियाने मला रेक्झिनचं जाकीट चढवलं, दोर आवळले आणि टांगलं. ज्याने जन्मात जमीन सोडली नव्हती, तो मी हवेत झुलू लागलो. मला मळमळलं. खरं सांगतो, मला ओकता आलं असतं तर ओकलो असतो. आणि वर अमोघ, घोड्यावर बसावं तसा. मी मनात म्हटलं, राणोजीरावांच्या पाठीला लागलेला लोड मी, माझी ही दशा!

पण हरिप्रियाचं काम मी रोज बघू लागलो. ती मुलाला कधी "गप बस" म्हणत नसे. आधी त्याला मला ढकलायला लावायची, ओढायला लावायची. मग पालथं झोपवून झुलवत खालून चिंध्यांच्या पिशव्या उचलायला सांगायची. त्याने पाठ ताठ व्हायची, मान स्थिर व्हायची. मग दोन गाद्यांमध्ये घालून "सँडविच" करायची आणि वरून मला लोळवायची. मग चिमटे उघडून दोरीवर लावायचे, म्हणजे बोटांत जोर यायचा. पेन्सिल सर्वांत शेवटी. लोकांना वाटायचं, ही पोरांना नुसती खेळवते. एक गृहस्थ तर तोंडावर म्हणाले, "खेळायला इथे कशाला आणायचं?" हरिप्रिया म्हणाली, "सर, तुम्ही त्याच्याएवढी मेहनत ऑफिसात करता का?"

नोव्हेंबरमध्ये तिने त्या वरच्या फळीकडे हात नेला. ओटीचे तांदूळ परातीत ओतले आणि आत सुपारी लपवली. अमोघ परातीपासून चार हात लांब उभा राहिला. पुढच्या खेपेला तीन हात. मधला एक आठवडा तर तो परात दिसताच मागे फिरला, माझ्या दोराला धरून रडला आणि विद्युलताही जिन्यात बसून रडली. नाताळच्या सुमाराला त्याने एक बोट घातलं. पोंगलच्या आधी मनगटापर्यंत हात घालून त्याने सुपारी काढली आणि ती खिशात टाकून घरी नेली. महालक्ष्मीबाईंनी ती देवापाशी ठेवली.

तरी मार्च जवळ येत होता. बाकावर तो सात मिनिटं बसायचा. आठव्या मिनिटाला खुर्ची रिकामी आणि अमोघ माझ्यावर.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी राणोजीराव स्वतः आले. भिंतीला टेकून त्यांची पाठ धरली होती, आणि आपला लोड कुठल्या अवस्थेत आहे हे त्यांना बघायचं होतं. मला टांगलेलं पाहून ते सटपटले. मग त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात झाली: हुक कुठल्या गेजचा, दोराला गाठ अशी का, लोड टेस्ट कुणी केली?

"लोड टेस्ट?" हरिप्रियाने विचारलं.

"रणगाडा पण टेस्ट केल्याशिवाय बाहेर सोडत नव्हतो मी," असं म्हणून त्यांनी धोतर खोचलं आणि माझ्यावर मांड ठोकली.

हुक टिकला. दोर टिकले. गाठही टिकली. टिकला नाही तो मी. चार वर्षांत ओळखीचं झालेलं ते वजन असं अधांतरी अंगावर आलं आणि माझं जाकीट, अभ्रा, आतलं कापड, सगळं टर्रकन उसवलं. राणोजीराव गादीवर उताणे, आणि वर सावरीच्या कापसाचा पाऊस. मिशांवर कापूस, कानात कापूस.

आता अमोघ किंचाळणार, म्हणून विद्युलताने कानांवर हात नेले. कापूस म्हणजे हलक्या स्पर्शाचा बापच की.

अमोघ किंचाळला नाही. तो आजोबांजवळ गेला. मी रिकामा लोंबत होतो, म्हणून असेल. पण तो सरळ आजोबांच्या पोटावर पालथा पडला आणि त्यांचा एक हात ओढून त्याने आपल्या पाठीवर ठेवला.

"दाब," तो म्हणाला.

राणोजीरावांनी हरिप्रियाकडे पाहिलं. "प्रेस, सर. गोंजारू नका. घट्ट. तळव्याने."

राणोजीरावांनी दाबलं. छत्तीस वर्षं रणगाड्यांचे बोल्ट तपासलेला तो तळवा नातवाच्या पाठीवर पूर्ण टेकला. "एवढंच होय रे? एवढंच पाहिजे होतं?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. दहा मिनिटं ते हलले नाहीत. पाठ धरलेली होती, तरी हलले नाहीत. मी फाटलेल्या पोटाने वरून बघत होतो, आणि मला अजिबात दुखत नव्हतं.

माझं ऑपरेशन मात्र झालं. टेबलावर आडवा घातला, दिवा ओढून जवळ घेतला, महालक्ष्मीबाई सुई-दोरा घेऊन बसल्या आणि विद्युलता कात्री हातात देत होती. काही केल्या ऑपरेशन थिएटर तिला चुकलं नाही.

शिवता शिवता हरिप्रिया म्हणाली, "काही मुलांना मांडीवर थोडं वजन ठेवलं की बसायला सोपं जातं. तांदळाची पिशवी करून बघायची का?"

महालक्ष्मीबाईंनी सुई थांबवली. "मांडीवर? तांदूळ?"

"आमां, पाट्टी," हरिप्रियाने होकाराची मान डोलावली. "दीड किलो."

बाईंनी फळीवरचा हिरवा खण मागितला. परातीतले तेच तांदूळ त्यात भरले, मऊपणाला माझ्या पोटातला मूठभर कापूस घातला आणि चारही बाजूंनी दुहेरी टीप मारली. मग अमोघला खुर्चीवर बसवून ती पिशवी त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवली आणि सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं.

"मी काय म्हणत होते? पोराची ओटीच भरायची होती."

अमोघ त्या दिवशी चौदा मिनिटं बसला.

दहा मार्चला शाळेत जी पिशवी गेली, तिच्यात मी मूठभर होतोच. त्यामुळे पुढचं सांगतो ते ऐकीव नाही.

मोठ्या बाई टेबलापलीकडे. अमोघ बाकावर. विद्युलता कोपऱ्यात. मानाजी त्या दिवशी पाळी बदलून आला होता. पहिल्यांदाच मी त्याचा चेहरा इतका वेळ पाहिला. खिडकीबाहेर राणोजीराव मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी धरून उभे, आणि त्यांच्या मागे महालक्ष्मीबाई जप करत.

"मांडीवर काय आहे?" मोठ्या बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"ओटी."

"तू ओ.टी.ला जातोस ते मला माहीत आहे. हे काय आहे?"

"ओटी," अमोघने पुन्हा सांगितलं, मोठ्या माणसांना समजायला वेळ लागतो हे ठाऊक असल्यासारखं.

बाईंनी विद्युलताकडे पाहिलं. हे इंग्रजीत कसं सांगणार?

अमोघने पेन्सिल उचलली. पहिलं अक्षर आलं. दुसऱ्याला टोक मोडलं. पिशवीतल्या माझ्या मूठभर कापसाला त्याच्या मांडीची चुळबुळ कळत होती; आता उठतो, मला वाटलं. त्याने दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी दाबली, एक श्वास घेतला आणि दुसरी पेन्सिल घेतली. पाच इंग्रजी अक्षरांना अकरा मिनिटं लागली. चौथं अक्षर उलटं आलं होतं, पण कागद फाटला नव्हता.

"वीस मिनिटं झाली," बाई म्हणाल्या. "छान. तू जाऊ शकतोस."

अमोघ उठला नाही. नावाखाली तो काहीतरी लांबट, गोल काढत होता. त्याला वरून दोन रेघा.

"हे काय? रोड रोलर?"

"लोड."

बाई हनुवटीला हात लावून बघत राहिल्या. चित्राला दोरांच्या गाठीसुद्धा काढून झाल्यावर अमोघ आपण होऊन उठला. बाईंनी कागदावर सही केली आणि जूनपासून पहिलीत पाठवायला सांगितलं.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "तेवीस! तीन मिनिटं ओ.टी. केली माझ्या नातवाने!"

राणोजीराव धावत आत आले. नातवाच्या गालाकडे गेलेला हात त्यांनी मध्येच आवरला. मग खाली बसले आणि दोन्ही तळवे त्याच्या खांद्यांवर ठेवून घट्ट दाबले. अमोघने मागे वळून न बघता आपली पाठ त्यांच्या छातीला लावली, अंग सैल सोडलं आणि म्हणाला, "हां."

टेकायला हवं म्हणून ज्या माणसाने मला करून घेतलं, त्याला त्या दिवशी कुणीतरी टेकलं. माझी गादी गेली. पण खरं सांगू? मला जरासुद्धा हेवा वाटला नाही.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. अमोघ चौथीत आहे. सांबार-भात अजून चमच्यानेच खातो, लेबलं अजून कापावी लागतात. पण केस कापायला एकच माणूस पुरतो. हरिप्रियाचं लग्न झालं, तेव्हा महालक्ष्मीबाईंनी तिची ओटी पुन्हा रीतसर भरली. राणोजीराव दर शुक्रवारी इथे येतात, रांगेतल्या मुलांच्या पाठी दाबून देतात आणि याला "माझी ओ.टी." म्हणतात. माझं पोट आणखी दोनदा शिवून झालंय.

एकच विनंती करतो. तुमच्या घरात एखादं मूल गाद्यांच्या ढिगात घुसून बसत असेल, भिंतीवर आपटत असेल, लेबलासाठी रडत असेल, तर त्याला नावं ठेवण्याआधी एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा. आणि ते तुमच्या लोडाखाली शिरलं, तर लोड ओढू नका. आम्हाला बऱ्याच गोष्टी आधी कळतात, पण आम्हाला विचारतंय कोण?

चला, चार वाजले. जिन्यात चपला वाजल्या, आणि कुणीतरी धावत येऊन दारावर आपटलं. नवीन दिसतंय. या बाळा, बसा. घाबरू नका, माझी लोड टेस्ट झालेली आहे.